फुकट म्हणजे मुक्त नव्हे

संगणकाच्या पडद्यावर चित्रफीत सुरू होते, तेव्हा तिच्यामागे कोणाचे पेटंट उभे आहे, याचा विचार पाहणारा करीत नाही. परंतु ती कोणाच्या परवानगीने दाखवावी, यावरून गेल्या दोन दशकांत जो संघर्ष झाला, तो केवळ तंत्रज्ञांचा नव्हता.

मुळात ‘एमपी४’ किंवा ‘वेबएम’ ही नुसती पेटी आहे. चित्रे संकुचित करण्याची पद्धती, म्हणजे कोडेक, हा आतील खरा माल. एमपी४च्या पेटीत बहुधा आढळणारा ‘एच.२६४’ हा कोडेक २००३ साली प्रमाणित झाला. गुणवत्तेत तो सरस होता. पण त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे होती. ब्राउझरला कोणत्याही जोडसाधनाविना चित्रफीत दाखविता यावी, असा प्रस्ताव २००७ साली ऑपेरा कंपनीने मांडला. त्यासाठी ‘ऑग थिओरा’ हा मुक्त कोडेक एचटीएमएल५च्या मसुद्यात सुचविला गेला. नोकिया व ॲपल यांच्या विरोधानंतर त्याच वर्षी ती शिफारस वगळली गेली.

२०१० साली गुगलने ‘ऑन२’ ही कंपनी विकत घेऊन तिचा ‘व्हीपी८’ सर्वांस खुला केला. जानेवारी २०११मध्ये क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणा झाली. ती अमलात आलीच नाही. एकाकी पडलेल्या मोझिलाला अखेर तडजोड करावी लागली. २०१३ साली सिस्कोने पेटंटशुल्काचा भार स्वतः उचलून एच.२६४चे तयार रूप देऊ केले. मात्र तीच आज्ञावली घेऊन स्वतः रूप बांधणाऱ्यास शुल्कातून सुटका नव्हती. दात्याच्या हातून घ्याल तोवर फुकट, स्वतः उभे राहाल तर दाम मोजा! याला औदार्य म्हणता येईल. स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

खेळ घडविणाऱ्या ‘गोडो’ या मुक्त इंजिनाने मूळ रूपात आजही जुना थिओराच ठेवला आहे. चित्रे तितकी सुबक दिसत नाहीत, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. पण त्यावर खेळ बनवून विकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला त्या कोडेकपायी कोणाच्या दारी परवाना मागावा लागत नाही, हेही तितकेच खरे.

तथापि केवळ तत्त्वनिष्ठेने लढाई जिंकता येत नाही. २०१३च्या ‘एचईव्हीसी’ कोडेकचे शुल्क अनेक गटांनी मागण्यास आरंभ केला, तेव्हा बड्या कंपन्यांनाही झळ लागली. २०१५ साली गुगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, सिस्को आदी एकत्र आले आणि २०१८ साली शुल्कमुक्त ‘एव्ही१’ सिद्ध झाला. त्यावरही पेटंटचे दावे सांगणारे पुढे आलेच. पण या वेळी मुक्त कोडेक दुबळा नव्हता. थिओराजवळ तत्त्व होते, बळ नव्हते. एव्ही१जवळ दोन्ही आहेत.

संस्थांनी आणि कुटुंबांनी आपल्या चित्रफितींचे जतन करताना म्हणूनच एवढे तरी विचारावे : ही पेटी उघडण्याची किल्ली कोणाकडे आहे?