सोफ्यावरचे परीक्षक

दर चार वर्षांनी फेब्रुवारीत आपल्या घरांमध्ये एक गंमत होते. ज्यांनी बर्फ एरवी फक्त गाडीच्या काचेवरून खरवडलाय, किंवा तुम्ही दुबई-मस्कतला असाल तर फक्त सरबताच्या ग्लासात पाहिलाय, ती माणसं अचानक हिवाळी ऑलिंपिकची जाणकार होतात. "उडी चांगली होती, पण पाय नीट टेकला नाही हं." "हिला मुद्दाम कमी गुण दिले." "हा काय खेळ आहे? फरशी तर पुसतायत!" आणि मग घरातला एखादा दादा किंवा काका म्हणतोच, "तुम्हाला त्यातलं कळतंय काय? गप्प बघा ना जरा."

हा लेख त्या "गप्प बघा"च्या विरोधात आहे.

मी स्वतः यातला एकही खेळ खेळलेलो नाही. मी मराठी शाळेत शिकलो आणि आमच्या गावात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, काला खट्टा घातलेला. तरीही ते पंधरा दिवस मी टीव्हीसमोर बसतो आणि तोंड बंद ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. माझी अट एकच. मत दिलं की त्याच्या मागोमाग कारण आलं पाहिजे. "बोअर आहे" हे मत नाही, ती जांभई झाली. "बोअर आहे, कारण सगळे एकामागून एक तेच करतात आणि कोण पुढे आहे ते मला दिसतच नाही" हे मत झालं. त्याच्याशी भांडता येतं.

आता तुम्ही म्हणाल, न कळणाऱ्या माणसाच्या मताला किंमत काय? एक गोष्ट सांगतो. २००२ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला ऑलिंपिक झालं. फिगर स्केटिंगमध्ये जोड्यांची स्पर्धा होती. रशियाच्या जोडीतला मुलगा एका उडीनंतर अडखळला. कॅनडाची जोडी मात्र एकही चूक न करता नाचली. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग गुण आले आणि सुवर्णपदक रशियाला मिळालं. नऊ परीक्षकांपैकी पाच जणांनी रशियाला वर ठेवलं होतं, चार जणांनी कॅनडाला. लोकांनी सरळ आरडाओरडा केला. त्यांतल्या बहुतेकांना उड्यांची नावंही माहीत नसतील. पण काही दिवसांतच बाहेर आलं की फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी आपल्यावर दबाव होता असं सांगितलंय. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं आणि सहापैकी गुण द्यायची ती जुनी पद्धतच बंद झाली.

जाणकारांनी रशियाच्या जोडीच्या बाजूनेही मुद्दे मांडले होते, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. त्यांचा कार्यक्रम जास्त अवघड होता, असं अनेकांचं मत होतं. पण "काहीतरी गडबड आहे" हे सोफ्यावरच्या माणसांना ज्या रात्री जाणवलं, त्याच रात्री ती गडबड खरंच झालेली होती.

मग नवी पद्धत आली, आणि आपल्यासारख्यांची खरी पंचाईत तिथेच झाली. आता प्रत्येक उडीला ठरलेली किंमत असते. नऊ परीक्षक त्या उडीला उणे पाच ते अधिक पाच असा शेरा देतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा शेरा काढून टाकतात आणि उरलेल्या सातांची सरासरी घेतात. (मी दिवसभर ऑफिसात असल्याच तक्त्यांशी झटापट करतो, त्यामुळे मला हे फार आवडतं. ज्याने ही पद्धत बांधली त्याला चहा पाजायला हवा.)

पण याचा परिणाम बघा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी लुट्झ नावाच्या उडीचे भाव असे होते: हवेत चार गिरक्या घेतल्या तर ११.५०, तीन घेतल्या तर ५.९०, दोन घेतल्या तर २.१०. समजा, एकाने चारही गिरक्या पूर्ण केल्या आणि मग तो धपकन पडला. त्याची निम्मी किंमत गेली आणि पडल्याबद्दल आणखी एक गुण गेला. हातात किती उरले? ४.७५. दुसऱ्याने दोन गिरक्या घेतल्या आणि फुलासारखा अलगद उतरला. त्याला २.१० आणि वर थोडेसे. म्हणजे जो आपटला तो पुढे! आणि आजी विचारते, "अरे, हा पडला ना? मग पहिला कसा?"

आजीचा प्रश्न बावळट नाही. ती विचारतेय की खेळात जास्त मोल कशाला आहे, धाडसाला की सफाईला? यावर खेळाडू, परीक्षक आणि जुने विजेते वर्षानुवर्षं वाद घालतायत. माझं मत धाडसाच्या बाजूने आहे. पडण्याची भीती असूनही जो चौथी गिरकी घ्यायला जातो, त्याला चार गुण जास्त मिळाले तर माझं काही म्हणणं नाही. पण सुंदर दिसणं हाच जर या खेळाचा प्राण असेल, तर आजीचं बरोबर आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

आता फरशी पुसण्याकडे येऊ. कर्लिंगवर जेवढे विनोद होतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याही खेळावर होत नसतील. चौघं जण, एक दगड, दोन झाडू. "आमच्या सुमनताई यांच्यापेक्षा छान पुसतात" हा विनोद मी किमान तीन वेगवेगळ्या घरांत ऐकलाय, ताईंचं नाव फक्त बदलतं. हसायला माझी हरकत नाही. फक्त एक करा. तुमच्या घरी कॅरम असेल तर तो डोळ्यांसमोर आणा आणि मग कर्लिंग बघा.

कॅरमवर आपण बोरिक पावडर टाकतो. का? सोंगटी सरसर जावी म्हणून. कर्लिंगमध्ये झाडूने घासतात तेही त्यासाठीच. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडून खडबडीत दाणे तयार केलेले असतात. जोरात घासलं की वरचा थर किंचित गरम होतो, दगड कमी अडतो, थोडा लांब जातो आणि जास्त सरळ जातो. दगड जवळपास वीस किलोचा असतो. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्याशा बेटावरच्या ग्रॅनाइटपासून बनवतात. कॅरममध्ये स्ट्रायकर एकदा सुटला की आपण फक्त मान वाकडी करून "जा, जा" म्हणू शकतो. इथे सुटलेल्या दगडाला वाटेत मदत करता येते! ते जे कप्तानाचं मोठमोठ्याने ओरडणं ऐकू येतं ना, ते याच मदतीसाठी: घासा, थांबा, जोरात घासा.

आणि डावपेच? कॅरममध्ये समोरच्याची वाट अडवायला आपण आपली सोंगटी भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. कर्लिंगमध्येही आपला एक दगड मुद्दाम मधे उभा करतात आणि मागचा दगड त्याच्या आड लपवतात. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड टाकून झाले की मध्यबिंदूच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, फक्त त्यालाच गुण. त्यामुळे शेवटचा दगड कोणाच्या हातात आहे याला फार महत्त्व असतं. २००२ च्याच ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघाने शेवटच्या दगडावर स्वित्झर्लंडला हरवून सुवर्णपदक घेतलं. तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि ज्यांनी आयुष्यात कर्लिंग पाहिलं नव्हतं असे लाखो लोक जागे होते. नियम त्यांना तिथेच, बघता बघता कळले असतील. एवढं सगळं बघून झाल्यावरही तुम्हाला तो खेळ कंटाळवाणा वाटला, तर खुशाल म्हणा. तुमच्या मताचं भाडं तुम्ही भरलंय.

आता जरा अवघड विषय. बाजू कोणाची घ्यायची?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न क्रिकेटच्या वेळी विचारला गेला असेल. शाळेत एका बाजूने, घरी दुसऱ्या बाजूने. ब्रिटनमध्ये तर १९९० साली नॉर्मन टेबिट नावाच्या राजकारण्याने याची परीक्षाच करून टाकली. बाहेरून आलेली माणसं कोणत्या देशाच्या संघासाठी टाळ्या वाजवतात, यावरून ती इथली झाली की नाही ते ओळखावं, असा त्याचा सूर होता. आणि घरी भारताच्या सामन्यात तुम्ही इंग्लंडच्या चौकाराला चुकून "वा!" म्हणालात, तर मामाचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे दोन्हीकडून परीक्षा.

हिवाळी खेळांत ही परीक्षा कोणी घेत नाही. भारताला हिवाळी ऑलिंपिकमध्ये आजवर एकही पदक मिळालेलं नाही, त्यामुळे घरातून दडपण नाही. म्हणून तुम्हाला हवा तो खेळाडू निवडता येतो. नॉर्वेचा, कारण त्याची टोपी आवडली. जपानची, कारण ती पडल्यावर हसली. कोणी विचारत नाही की तू आमचा की त्यांचा. अधूनमधून बघणाऱ्या माणसाची ही मोठी चैन आहे, आणि दोन देशांच्या मधे वाढणाऱ्या मुलांना ती पुरेपूर मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि भारताची बाजू घ्यायचीच असेल, तर तीही घ्या, पण पदकतक्ता बंद करून. मनालीजवळ वाढलेला शिवा केशवन १६ वर्षांचा असताना १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ल्यूज खेळला. ल्यूज म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून, पाय पुढे करून, बर्फाच्या नळीतून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने खाली येणं. भारतात तसा मार्ग नव्हता. म्हणून तो गाडीला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर, ट्रकांच्या शेजारून सराव करायचा. असा तो सहा ऑलिंपिक खेळला. २०१४ साली सोचीला तर भारताच्या ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती, म्हणून उद्घाटनाला भारतीय खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले. बंदी उठली तोवर केशवनची शर्यत संपली होती. त्या दिवशी जे त्याच्यासाठी ओरडले, ते कोणत्या देशाच्या बाजूने होते? टेबिटसाहेबांनी त्यांना किती गुण दिले असते?

२०२२ ला बीजिंगमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान. जायंट स्लॅलम नावाच्या शर्यतीत त्याचा नंबर ४५ वा आला. "पंचेचाळिसावा? मग गेला कशाला?" असं म्हणणारे काका प्रत्येक शहरात आहेत. त्या दिवशी जोराचा हिमवर्षाव होता आणि कितीतरी खेळाडू शेवटच्या रेषेपर्यंत पोचलेच नाहीत. काकांना हे सांगा. मत बदललं तर उत्तम, नाही बदललं तर निदान त्यांच्याकडून कारण मागा.

आता शेवटी एक वादाचा विषय देतो. पुन्हा २००२, पुन्हा सॉल्ट लेक सिटी. एक हजार मीटरची शॉर्ट ट्रॅक शर्यत. अंतिम फेरीत पाच जण. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सगळ्यात मागे, बराच मागे. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांवर आदळून पडले. ब्रॅडबरी त्यांच्या बाजूने शांतपणे घसरत गेला आणि जिंकला. हिवाळी ऑलिंपिकमधलं ऑस्ट्रेलियाचं ते पहिलं सुवर्णपदक. त्याआधीच्या दोन फेऱ्यांतही पुढचे पडल्यामुळे किंवा बाद झाल्यामुळेच तो वर आला होता.

मराठीत अशा माणसाला "आयत्या बिळावर नागोबा" म्हणतात: दुसऱ्याने खणलेल्या बिळात जाऊन बसणारा. ब्रॅडबरीला हे नाव लागू होतं का? माझं मत: नाही. तो इतरांपेक्षा हळू आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून धक्काबुक्कीपासून लांब राहायचं असं त्याने आधीच ठरवलं होतं. शिवाय १९९४ साली एका शर्यतीत दुसऱ्याच्या स्केटच्या पात्याने त्याची मांडी कापली गेली, चार लिटर रक्त गेलं, १११ टाके पडले. २००० साली मान मोडली. तरी तो २००२ ला त्या रेषेवर उभा होता. पडले ते चौघेही जास्त वेगवान होते, हे मान्य. पण शर्यत उभं राहून संपवायची असते.

तुम्हाला हे पटलं नसेल, तर वहीत पाच-सहा ओळी लिहून आणा, कारणासकट. पुढच्या तासाला भांडू.