एकाच बाकावरची सहा वर्षे

फेब्रुवारी उजाडला की जालना जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतून दहावीच्या निरोप समारंभाची लगबग सुरू होते. नववीची मुले पताका लावतात, फळ्यावर रंगीत खडूंनी नक्षी काढतात. दहावीच्या मुली आईची साडी नेसून येतात. सरस्वतीपूजन होते, मनोगते होतात, आणि ज्या सरांच्या नुसत्या आवाजाने वर्ग चिडीचूप होई त्यांच्याच पाया पडताना एखादा दांडगट मुलगाही हुंदके देऊ लागतो. शेवटी शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा एखाद्या महापुरुषाची तसबीर भेट दिली जाते आणि पंगतीत पुरी-भाजी व बुंदी वाढली जाते. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेल्या तुकडीच्या बाबतीत ते पाहणे अगत्याचे आहे.

या तुकडीने जून २०१८ मध्ये पाचवीत पाऊल टाकले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने जालन्यासह राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. टँकरमागे घागर घेऊन धावणे हा या मुलांच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम होता. दिवाळीनंतर वर्गातील काही बाक रिकामे होत, कारण आई-वडिलांबरोबर लेकरेही ऊसतोडीच्या फडावर जात. सहावीचे वर्ष संपत आले आणि मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली. सातवी जवळजवळ घरातच गेली. घरात एक स्मार्टफोन, तोही वडिलांच्या खिशात आणि वडील शेतात, अशा परिस्थितीत ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय झाले असेल, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची आवश्यकता नाही. याच मुलांच्या थोरल्या भावंडांची २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि १६ जुलै २०२१ रोजी ९९.९५ टक्के निकाल लागला. ज्यांनी एकही पेपर लिहिला नाही त्यांच्या घरी पेढे कोणत्या तोंडाने वाटावेत, असा संकोच तेव्हा अनेक पालकांना वाटला होता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ही तुकडी आठवीत होती. बऱ्याच काळाने एकमेकांना पाहणारी ती मुले किती उंच झाली होती, याचेच शिक्षकांना प्रथम नवल वाटले.

नववीत असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, समर्थ रामदासस्वामींच्या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे, श्रीराममंदिरातील पुरातन मूर्ती चोरीस गेल्या. पोलिसांनी त्या ऑक्टोबरमध्ये शोधून काढल्या. मधले दोन महिने जिल्ह्यात घरोघरी एकच विषय होता. मूर्ती कोणत्या आळीच्या, कोणत्या जातीच्या, असे कोणी विचारले नाही. गेल्या त्या सगळ्यांच्या गेल्या आणि परत आल्या त्या सगळ्यांच्या आल्या.

त्यानंतर अवघ्या वर्षभरात काय झाले, ते महाराष्ट्र जाणतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि साऱ्या राज्यात वणवा पेटला. एसटी गाड्या जळाल्या, फेऱ्या बंद पडल्या. खेड्यापाड्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो, ही राज्याची स्पृहणीय योजना होय. परंतु गाडीच नसेल तर पास घेऊन फाट्यावर उभे राहण्यापलीकडे मुलगी काय करणार? दहावीचे वर्ष असे सरले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथे एसटी बस पेटवून देण्यात आली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू होणार होती. पुढे जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यात, अंतरवालीपासून काही किलोमीटरांवरील वडीगोद्री येथे, ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. दोन मांडव, दोन बाजू. आणि दोन्ही मांडवांत बसलेल्यांची मुले एकाच शाळेत, एकाच वर्गात, बहुधा एकाच बाकावर.

आरक्षणाच्या मागणीतील न्याय्य-अन्याय्य ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. कोरडवाहू शेतीवर पोट भरणाऱ्या मराठा कुटुंबाची घुसमट खरी आहे आणि मोठ्या कष्टाने पदरात पडलेले हातचे जाईल, ही ओबीसी कुटुंबाची धास्तीही खरी आहे. त्याचा निवाडा विधिमंडळात आणि न्यायालयात व्हावयाचा आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटविषयक शासन निर्णयानंतरही वाद शमलेला नाही, त्यावरून तो निवाडा लवकर होईल असे दिसत नाही. समाजात विषमता आहे तोवर आरक्षण राहिले पाहिजे, ही संघाची भूमिका सरसंघचालकांनी सप्टेंबर २०२३ मध्येच स्पष्ट केलेली आहे. विवंचना निराळीच आहे. हा निवाडा होईपर्यंतच्या काळात त्या बाकाचे काय व्हायचे?

शाळेच्या कपाटात एक जाडजूड नोंदवही असते. प्रवेश-निर्गम नोंदवही. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि जात तीत लिहिलेली असते. एरवी दाखला हवा असेल तेव्हाच तिची धूळ झटकली जाई. ७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि महसुली दप्तरांबरोबर शाळांच्या या जुन्या नोंदवह्याही बाहेर निघाल्या. मोडी वाचणारे जाणकार शोधले गेले, निजामकाळातील उर्दू कागद वाचून घेतले गेले. प्रशासनाच्या दृष्टीने ते रीतसर काम होते आणि ज्याला त्यातून हक्काचा दाखला मिळाला त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून पाहावे. सहा वर्षे ज्या शाळेत त्याने रोज हजेरीला ‘उपस्थित’ म्हटले, त्या शाळेतील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जातीचा रकाना, हे त्याला दहावीच्या वर्षी कळले. हजेरीपटावर मात्र नावे अनुक्रमांकाने असतात. ‘तेवीस’ म्हटले की तेवीस क्रमांकाचा मुलगा उभा राहतो. त्याची जात उभी राहत नाही.

हे साधे वाटते, पण ते आपोआप घडलेले नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, इतर मुलांपासून दूर बसून त्याला शिकावे लागले. तो दिवस महाराष्ट्र २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या गोणपाटापासून सामाईक बाकापर्यंत येण्यास हिंदू समाजाला कित्येक दशके लागली. मराठवाड्याला तर याची वेगळी आठवण असावयास हवी. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि या प्रदेशात दलित वस्त्या जळाल्या. आदल्या वर्षीपर्यंत एकत्र डबा खाणारे वर्गमित्र रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोवर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. विद्यापीठाच्या कमानीवरील नाव त्या दिवशी बदलले. तुटलेली मैत्री कोणत्याही अधिसूचनेने जुळत नसते.

आज पुन्हा तसेच होऊ घातले आहे, फक्त साधन वेगळे आहे. निरोप समारंभाच्या दिवशी वर्गाचा व्हॉट्सअॅप गट तयार होतो. पहिले काही दिवस छायाचित्रे, चेष्टामस्करी आणि उत्तरपत्रिकांची चर्चा. मग कोणी एक आंदोलनाची चित्रफीत टाकतो, दुसरा प्रतिपक्षाची टाकतो, चार जण गट सोडून जातात आणि दोन नवे गट निघतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या चित्रफिती मुलांनी बनविलेल्या नसतात. पारावर, दुकानाच्या फळीवर, लग्नाच्या पंगतीत मोठी माणसे ज्या भाषेत बोलतात तीच मुलांच्या फोनमध्ये उतरते. ज्याने त्याने आपली मागणी सनदशीर मार्गाने लावून धरावी, तिच्यासाठी उपोषणाला बसावे, न्यायालयात जावे. मुलाला वर्गमित्राचा क्रमांक खोडावयास सांगण्याचा अधिकार कोणत्याही मागणीने कोणत्याही बापाला दिलेला नाही.

येथे कार्यकर्त्यांनीही थोडे आत वळून पाहावे. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेवर निःसंदिग्ध आघात केला. १४ एप्रिल १९८३ रोजी, गुढीपाडवा आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली असता, सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. शाखेत जात विचारली जात नाही, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु खेड्यातील शाखेत येतात ती मोजकी मुले. वर्गात गावातील झाडून सारी येतात. पाटलाचा, माळ्याचा, वंजाऱ्याचा, धनगराचा मुलगा येतो, भीमनगरातील मुलगी येते, मुसलमानाचा पोरगाही त्याच बाकावर वही उघडतो. समरसतेवर परिसंवाद घेणे सोपे आहे. आपल्याच गावातील शाळेची दहावीची तुकडी दोन वर्षांनी एकत्र बसते की नाही, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

ती चौकशी तंट्यापुरतीही असून चालणार नाही. पाचवीच्या आणि दहावीच्या हजेरीपटाची नावे शेजारी ठेवली तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मधल्या सहा वर्षांत काही नावे गळालेली असतात आणि त्यांसाठी कोणीही निरोप समारंभ केलेला नसतो. कोणी फडावर गेला तो परतला नाही. कोणी कोरोनाच्या काळात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. काही मुलींची लग्ने झाली, कारण शाळा बंद होती, समारंभ थोडक्यात होत होते आणि खर्च वाचत होता. मराठवाड्यातील बालविवाहांची चर्चा शासन दरबारी होते. गळालेले नाव कोणत्या जातीचे आहे, यावर मात्र दोन्ही मांडवांतील मंडळींचे एकमत होण्यास हरकत नसावी, कारण अशी नावे सर्वच रकान्यांत सापडतात.

आता जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे भरविण्याची चाल पडली आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी जमतात, पुन्हा बाकावर बसतात, थकलेल्या शिक्षकांना शाल-श्रीफळ देतात. त्यांत थोडे प्रदर्शन असते, छायाचित्रांची हौस असते, असू द्यावी. आंदोलनाच्या धगीतही जे मेळावे फुटले नाहीत, त्यांच्यामागे बहुधा एखादा जुना शिक्षक किंवा वर्गातील एखादा चिवट मुलगा असतो, जो दोन्ही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन निमंत्रण देतो.

मार्च २०२४ च्या तुकडीचा दहा वर्षांचा मेळावा २०३४ मध्ये येईल. त्याची यादी मात्र आतापासूनच करावी लागेल आणि ती दहावीच्या नव्हे, पाचवीच्या हजेरीपटावरून करावी लागेल. कोणी सासरी आहे, कोणी कारखान्यावर. काहींचे फोन क्रमांक बदललेले असतील, आणि काहींनी ते मुद्दाम दिलेले नसतील.