ॲव्हरेजचा खरा हिशेब

‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार जळगाव-धुळ्यात नित्याची. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतील रोलरवरचा. तेथे ना पारोळ्याची गर्दी, ना खानदेशी वैशाखात अखंड चालणारा एसी. टाकी काठोकाठ भरावी, धुळ्याला जाऊन यावे, त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. कंपनीच्या आकड्याहून पाचवा हिस्सा उणा आला, तरी मेकॅनिकवर रागावण्याचे कारण नाही. २०२५ पासून तर देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे सहा-सात टक्के ऊर्जा टाकीतच उणी. तेलाची आयात घटावी, हे राष्ट्रहिताचेच. परंतु ही तूट पंपावरील दरफलकात दिसावयास नको काय?