पंधरा मिनिटांचा गोंगाट

गेल्या हिवाळ्यात चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो होतो. जवळच्या एका गावात साहित्य संमेलन होतं. सीमाभागात अशी गावोगावची संमेलनं भरतात, हे आमच्या पणजी-म्हापशाच्या मंडळींना सांगूनही खरं वाटत नाही. ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळतात आणि शेतकरी माणसं मांडवात मांडी घालून तासन् तास भाषणं ऐकतात. मला या संमेलनांविषयी फार आदर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून काहीजण माझा उद्धार करणार आहेत.

तर झालं असं. माझ्या एका निपाणीकर मित्राचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. चार पोरांचा बँड आहे त्यांचा. त्यांनी संयोजकांकडे दोन सत्रांच्या मध्ये पंधरा मिनिटं मागितली होती. गाणं मराठी. विषय कुठला, तर त्याच्या आजीने निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढलेली वर्षं. उत्तर आलं, "संमेलनात गोंगाट नको. ही आपली संस्कृती नव्हे." पोरगा मला म्हणाला, "काका, भाषण तीन तीन तास चालतंय, आमचं पंधरा मिनिटं चालंना होय?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्री त्याच्या खोलीवर गेलो, तर त्याने मला एक जुना अल्बम ऐकवला. कॅनडाच्या 'रश' या बँडचा पहिला अल्बम, त्याचंही नाव 'रश'च. १९७४ सालचा. मी रॉकचा जाणकार नव्हे, पण गोव्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर गिटार नको म्हटलं तरी पडतेच. ऐकलं, नंतर घरी येऊन आणखी वाचलं, आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो.

टोरांटोची तीन पोरं. बास वाजवून गाणारा गेडी ली, गिटारवर अ‍ॅलेक्स लाइफसन, ड्रमवर जॉन रट्सी. गेडीचे आईबाप पोलंडचे ज्यू, हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडात आलेले. त्याचं मूळ नाव गॅरी. आईच्या पोलिश उच्चारात ते 'गेडी' व्हायचं, म्हणून तेच नाव पडलं. लाइफसनचं घराणं सर्बियन. म्हणजे घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रेकॉर्ड काढायला एकही कंपनी तयार होईना. मग त्यांनी स्वतःचंच लेबल काढलं, 'मून रेकॉर्ड्स'. बारमधले कार्यक्रम आटोपून रात्री-अपरात्री, स्वस्तात मिळेल त्या वेळी स्टुडिओ घेतला. साडेतीन हजार प्रती काढल्या. मुखपृष्ठावरचं नाव लाल रंगात हवं होतं, ते छापखान्यात गुलाबी होऊन आलं! आणि संगीत? खरं सांगायचं तर अल्बम कच्चा आहे. शब्द सामान्य, आणि लेड झेपेलिनची छाप इतकी की लोकांना हा झेपेलिनचाच नवा अल्बम वाटला. ज्या 'प्रोग्रेसिव्ह' वळणासाठी, म्हणजे लांबलचक रचना, बदलती तालचक्रं, गाण्यातून सांगितलेली आख्खी गोष्ट यासाठी हा बँड पुढे ओळखला गेला, त्याचा इथे फार तर वास येतो.

पण शेवटचं गाणं 'वर्किंग मॅन'. सात मिनिटांच्या वर जातं. रोज कामावर जाणारा, थकून परतणारा, आणि आयुष्य याहून बरं असू शकलं असतं असं वाटणारा एक माणूस. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड या कारखान्यांच्या शहरात डब्ल्यूएमएमएस नावाच्या रेडिओ केंद्रावर डोना हॅल्पर नावाच्या बाईंच्या हाती ही तबकडी पडली. त्यांनी ते गाणं लावलं आणि फोन खणखणू लागले. गिरणी-कारखान्यातल्या माणसांना ते आपलं वाटलं. मग मर्क्युरी कंपनी धावत आली. त्याच वर्षी रट्सीच्या जागी नील पर्ट आला आणि १९७६ साली '२११२' निघाला, ज्याची एक आख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना. २०१५ सालच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम त्यांनी कशाने संपवला? 'वर्किंग मॅन'ने. पहिल्या कच्च्या अल्बममधल्या गाण्याने, ४१ वर्षांनी.

आता संयोजकांना माझा प्रश्न. १९७४ साली डोनाबाईंनी "पोरांनो, ही नक्कल आहे, गोंगाट आहे, स्वतःचं काही सुचलं की या" असं सांगितलं असतं तर? '२११२' कुठून आला असता?

'आपली संस्कृती नव्हे' या वाक्याने मात्र माझं डोकं खरंच फिरलं. कारण ते बेळगाव जिल्ह्यात उच्चारलं गेलं! मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कानडी मुलखात जन्मलेला हा माणूस पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहून पेटला, आणि कर्नाटकी चाली, कीर्तनाच्या चाली, लावणीच्या चाली अशा दहा ठिकाणच्या गोष्टी गोळा करून त्याने 'शाकुंतल' उभं केलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा नाटक पुरतं तयारही नव्हतं. सातांपैकी चारच अंक केले. कच्चा पहिला अल्बमच म्हणा ना! तेव्हा कुणी "सातही अंक बसवून या, आणि त्या परक्या चाली काढून टाका" असं म्हणालं नाही, हे आपलं नशीब.

आणि पेटी? ज्या पेटीवाचून आपलं नाट्यगीत सुरू होत नाही ती युरोपातून आली. ती परकी आणि बेसुरी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं, आणि १९७१ पर्यंत बाहेर ठेवलं. आज त्याच पेटीच्या सुरावर संमेलनात स्वागतगीत म्हणतात आणि गिटारला परकी ठरवतात. (गिटारने आणखी किती वर्षं थांबायचं, तेवढं एकदा कळवा.)

सीमाभागाचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. १९५६ पासूनची जखम आहे. १९४६ साली बेळगावच्याच संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, २००० साली य. दि. फडके तिथे अध्यक्ष होऊन आले, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, २०१४ साली गावाचं सरकारी नाव बदललं, पाट्यांवरून भांडणं होतच असतात. पाटीसाठी भांडायलाच हवं. पण पाटीवरची मराठी वाचणारा पोरगा मनातलं कुठल्या भाषेत ओरडतो, याची चौकशी कधी करणार? त्याला मराठीत ओरडायचं होतं हो! आपणच त्याला गप्प बसवलं. आता तो इंग्रजीत ओरडेल आणि बंगळूरला जाईल. मग पुढच्या संमेलनात 'तरुण पिढी मराठीपासून दुरावते आहे' यावर परिसंवाद ठेवा.

पलीकडे काय चाललंय तेही बघा. शिशुनाळ शरीफ हा एकोणिसाव्या शतकातला कानडी संतकवी. त्याची पदं रघु दीक्षितने गिटार-ड्रमवर घेतली, २००८ सालच्या पहिल्याच अल्बममध्ये, आणि कॉलेजची कानडी पोरं ती गर्दीत उभी राहून म्हणतात. हा रघु जन्माने नाशिकचा, ही आणखी एक गंमत. आमच्या गोव्यात रेमो फर्नांडिसने १९८४ साली 'गोवन क्रेझी' शिवोलीला घरीच ध्वनिमुद्रित केला, वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. मराठी-कोंकणीवरून आम्ही एकमेकांची डोकी फोडत होतो त्याच काळात. रेमोने कुणाच्या मंचाची वाट पाहिली नाही हे खरं. पण प्रत्येकाला रेमो व्हायला लावणं हा काही समाजाचा मोठेपणा नव्हे.

निपाणीच्या वखारींवर मराठीत लिहिलं गेलंय. अनिल अवचटांनी तिथल्या बायकांचं जगणं मांडलं. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं मेली. यावर भाषणं खूप झाली. त्या वखारीतली धूळ ज्या बाईच्या छातीत गेली तिच्या नातवाने त्यावर गाणं केलं, तर तो गोंगाट?

ते गाणं मी त्या रात्री फोनवर ऐकलं. सव्वासहा मिनिटांचं. मध्ये नुसतीच बास वाजते, वखारीत चाळण हलावी तशी. गिटार अजून सैल आहे, आणि एका जागी रशचीच नक्कल आहे, मी पकडली आणि त्याने कबूलही केली. ड्रमवाला घरी कानडी बोलतो, पण धृपदात सगळ्यांत मोठ्याने तोच मराठीत ओरडतो. सेमिस्टर संपलं की वर्गणी काढून नीट मुद्रण करणार म्हणाले. मी माझी वर्गणी तिथेच दिली.

आजीला ऐकवलंस का, असं विचारलं.

"ऐकवलं की. म्हणाली, ते बडवणं जरा कमी कर, माझं नाव ऐकू येईना झालंय."

"मग?"

"केलं कमी."