मनोऱ्यामागची वाट

2020 सालच्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील शाळकरी मुले ‘नेटवर्क’च्या शोधार्थ डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होती, हे गोमंतक विसरलेला नाही. तेव्हापासून आपली सारी चर्चा मनोरा हवा की नको, याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली. एक गाव मनोऱ्यासाठी निवेदने देते, शेजारच्या गावाची ग्रामसभा त्याला विरोध करते. मनोरा उभा राहिला की दूरसंचार सुधारलाच, हे मात्र दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात, आणि घोटाळा तेथेच आहे.

फोनपासून मनोऱ्यापर्यंतचा संदेशाचा प्रवास हवेतून होतो. तेथून मुख्य केंद्रापर्यंत तो प्रकाशतंतूंच्या केबलमधून किंवा मनोऱ्यावरील तबकडीमार्फत जातो. या मागच्या वाटेला तंत्रज्ञ ‘बॅकहॉल’ म्हणतात. ती अरुंद असली की फोनवर सगळ्या रेघा दिसत असूनही चित्र जागचे हलत नाही.

दुसरी अडचण शेजाराची. दोन मनोऱ्यांच्या सीमेवरील ग्राहकाला दोहोंच्या लहरी गाठतात आणि एकीचा दुसरीला व्यत्यय होतो. दोन्ही मनोऱ्यांनी संगनमताने एकच संदेश धाडला, तर हाच व्यत्यय साहाय्यक ठरतो. 4जीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत या पद्धतीला स्थान मिळून दशक उलटले. परंतु आरतीच्या वेळी मंडपाच्या दोन टोकांना बसलेल्या घुमटवादकांना एका ठेक्यावर थाप द्यायची, तर एकमेकांचे ऐकू यावे लागते. मनोऱ्यांचे हे ऐकणे मागच्या वाटेनेच होते. केबलमधून प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास पाच मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्याचाही हिशेब येथे ठेवावा लागतो. शिवाय भार आहेच. 20 मेगाहर्ट्झच्या, दोन अँटेनांच्या 4जी वाहिनीवरून ग्राहकांना सेकंदाला फार तर 150 मेगाबिट माहिती मिळते; तोच संकेत कच्च्या स्वरूपात केंद्र व मनोरा यांच्या दरम्यान न्यायचा, तर सुमारे अडीच गिगाबिट क्षमता हवी. म्हणजे सोळापट!

एवढी क्षमता नसेल तेथे सहकार्यच सोडून द्यावे काय? तसे नाही. एक मनोरा बोलत असता दुसऱ्याने क्षणभर गप्प राहावे, किंवा आपल्या लहरींचा रोख शेजारच्या ग्राहकापासून वळवावा, हेही सहकार्यच. त्यासाठी ग्राहकाची सारी माहिती दोन्हीकडे नेण्याचे कारण नाही. वेळापत्रक आणि थोडी मोजमापे कळवली की भागते. लाभ कमी, पण अरुंद वाटेला पेलणारा.

वाट रुंद करण्याचे आश्वासन जुने आहे. राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाचा आरंभ डिसेंबर 2019 मध्ये झाला, तेव्हा 70 टक्के मनोरे प्रकाशतंतूंनी जोडण्याचा संकल्प होता. मुदत सरली, पण निम्मे मनोरेही जोडले गेले नव्हते.

सहकार्याचा आणखी एक प्रकार कंपन्यांमधला. ऑक्टोबर 2024 मध्ये ओडिशावर ‘दाना’ चक्रीवादळ आले, त्या वेळी कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला उपलब्ध असेल त्या मनोऱ्यावरून बोलता यावे, असा आदेश केंद्राने दिला. मे 2021 च्या ‘तौक्ते’त वीज आणि फोन दोन्ही गमावून बसलेल्या गोव्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. सरकारी निधीतून उभारलेल्या 4जी मनोऱ्यांवर ती जानेवारी 2025 पासून खुली झाली, हे योग्यच झाले. मात्र दोन कंपन्यांचे ग्राहक एका मनोऱ्यावर आले, तर त्याच्या मागच्या वाटेवरील भारही वाढतो, हे वादळाच्या रात्री लक्षात येऊन उपयोग नाही.

दूरसंचार हा केंद्राचा विषय. रस्ता खणण्याची परवानगी मात्र राज्याच्या हाती आहे. वीजवाहिन्या भूमिगत करण्यासाठी गोव्यात ठिकठिकाणी चर खणले जात आहेत. त्याच चरात प्रकाशतंतूंसाठी एक रिकामी नळी टाकावी आणि ती सर्व कंपन्यांना समान भाड्याने द्यावी. मनोऱ्याचा परवाना देताना त्याची उंची आणि जागा यांबरोबर मागे केबल आहे की तबकडी, आणि तिची क्षमता किती, हेही विचारावे व ते उत्तर ग्रामसभेपुढे ठेवावे. पावसाळ्यात रस्ते खणता येत नाहीत. तेव्हा संबंधित खात्यांची बैठक व्हायची असेल, तर ती चर बुजण्यापूर्वी झालेली बरी.