विमान घरचे, इंजिन उसने!

मालाड-कांदिवलीकरांना डोक्यावरून जाणाऱ्या जेट विमानाचे आता अप्रूप उरलेले नाही. 1960 साली एअर इंडियाचे पहिले बोइंग 707 सांताक्रूझला उतरले, तेव्हा ती अवघ्या मुंबापुरीची नवलाई होती. 1962 साली त्या कंपनीच्या ताफ्यात केवळ जेट विमानेच उरली आणि जगातील पहिली संपूर्ण जेट विमान कंपनी असा लौकिक तिने मिळविला. हवाई दलाने तर 1948 सालीच व्हॅम्पायर ही लढाऊ जेट विमाने घेतली होती. प्रवासासाठी असो वा संरक्षणासाठी, जेट वापरण्यात आपण मागे नव्हतो. परंतु वापरणे निराळे आणि घडविणे निराळे!

17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकनजीक ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-1ए संरक्षणमंत्र्यांसमक्ष आकाशात झेपावले. ज्या ओझरने मिग-21 आणि सुखोई-30 परक्यांच्या परवान्याने बांधली, तेथे स्वदेशी आराखड्याचे लढाऊ विमान उभे राहिले, याचा अभिमान आम्हांसही आहे. पण त्या विमानाच्या पोटातील एफ-404 इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला; त्यांच्यासाठीचे पहिले इंजिन मार्च 2025 मध्ये हाती आले. विलंबास इतर कारणेही होती. तथापि इंजिनावाचून विमान म्हणजे केवळ सांगाडाच.

हा धडा नवा नाही. 1961 साली प्रथम उडालेले आपले मारुत विमान पुरेशा शक्तीचे इंजिन न लाभल्याने अखेरपर्यंत उणेच राहिले. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि तेजसच्या कामातील तिचे साहाय्य एका रात्रीत आटले. नाक दुसऱ्याच्या चिमटीत असताना ताठ मानेच्या गोष्टी कोणी कराव्यात?

इंजिन घडविणे सोपे आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यातील टर्बाइनची पाती धातू वितळावा अशा तप्त वायूच्या झोतात वर्षानुवर्षे फिरवावी लागतात. त्यासाठी विशेष मिश्रधातू हवेत, पात्यांच्या आत थंड हवेचे सूक्ष्म मार्ग हवेत आणि अपयश सोसणारा धीरही हवा. कावेरी इंजिनाचा प्रकल्प 1989 साली हाती घेतला गेला. 2008 मध्ये तो तेजसपासून वेगळा करावा लागला आणि 2010 मध्ये त्या इंजिनाची उड्डाणचाचणी घेण्यासाठी रशियाला जावे लागले, कारण तशी सोय देशात नव्हती.

आता फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसह नवे इंजिन विकसित करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन 2000 ही नागरी जेट विमाने बांधण्याची घोषणाही 2025 सालीच झाली. दोहोंचे आम्ही स्वागत करतो. मात्र जोडणीच्या कारखान्यालाच स्वावलंबन समजण्याची चूक पुन्हा होऊ नये. इंजिनाच्या आराखड्याचा पूर्ण हक्क आपल्याकडे राहील, अशी अट करारात असलीच पाहिजे. उड्डाणचाचणीची व्यवस्था देशातच उभी राहिली पाहिजे. पवईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडणाऱ्या तरुणाला या कामासाठी परदेशाची वाट धरावी लागू नये, इतका पैसा आणि इतके सातत्य सरकारने त्यामागे उभे केले पाहिजे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?