गाण्यांना मुभा, बातम्यांना मनाई

नाशिक (प्रतिनिधी) - 'गाणी वाजवा, पण बातम्या देऊ नका' असा हुकूम एखाद्या नभोवाणी केंद्राला मिळाला तर काय होते, याचे उदाहरण सर्बियाची राजधानी बेलग्रेडने मार्च १९९१ मध्ये घालून दिले. स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीविरुद्ध ९ मार्चला प्रचंड निदर्शने झाली, रस्त्यावर रणगाडे आले आणि 'बी-९२' हे केंद्र बंद पाडण्यात आले. पुन्हा परवानगी मिळाली ती केवळ संगीतापुरती. मग केंद्रातील तरुणांनी गाणीच अशी निवडली, की त्यांतून बातमी कळावी. 'पब्लिक एनिमी' या अमेरिकी गटाचे 'फाइट द पॉवर' वाजू लागले. श्रोत्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

मे १९८९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे प्रक्षेपण बेलग्रेडच्या परिसरापुरतेच होते. लोकसंगीताच्या चालींना डिस्कोचा ठेका देणाऱ्या 'टर्बो-फोक'चा त्या दशकात सर्बियात सुकाळ होता. राजवटीला अनुकूल वाहिन्यांनी त्याला मोकळे रान दिले, तर 'बी-९२'ने रॉक आणि नव्या प्रवाहांची बाजू धरली. टर्बो-फोक ऐकणारा प्रत्येक जण सत्तेचा समर्थक होता, असे मात्र म्हणता येणार नाही. तरीही कोणते केंद्र लावले जाते, यावरून शहरात माणसाची भूमिका ओळखली जाऊ लागली.

या नात्याची कसोटी १९९६ मध्ये लागली. स्थानिक निवडणुकांतील विरोधकांचे विजय सरकारने रद्द ठरवताच लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या बातम्या देणारे 'बी-९२' ३ डिसेंबरला बंद करण्यात आले. केंद्राने इंटरनेटचा आधार घेतला, परदेशी नभोवाणींनी त्याच्या बातम्या उचलल्या आणि दोन दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. गाण्यांनी जोडलेला श्रोता बातमीच्या वेळी पाठीशी उभा राहिला.

भारतात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००१ पासून खासगी एफएम वाहिन्या आल्या, मात्र त्यांना स्वतःच्या बातम्यांची मनाई करण्यात आली. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्याची आणि वाहतूक, हवामान, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती सांगण्याची सवलत दिली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटे बातम्यांची शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. वाहिन्यांची संख्या वाढवण्याइतकीच निकड त्यांना बोलू देण्याचीही आहे.

नाशिकपुरता विचार केला तर हा प्रश्न पुस्तकी नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की गोदाकाठचा कोणता रस्ता बंद झाला, हे निवेदक सांगू शकतो. विसर्गाची सूचना वेळेवर का मिळाली नाही, याची चौकशी त्याच्या कक्षेत येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेला. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर त्याची आठवण ठेवायलाच हवी. नभोवाणी केवळ करमणुकीचे साधन नाही, हे शहरातील 'रेडिओ विश्वास' या सामुदायिक केंद्राने करोनाकाळात शालेय पाठ प्रसारित करून दाखवून दिले. त्या उपक्रमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सरकारची भीती निराधार नाही. रवांडात १९९४ मध्ये नभोवाणीवरूनच वंशसंहाराला चिथावणी दिली गेली. परंतु वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांना जे खुले आहे, त्यासाठी एकट्या रेडिओवर अविश्वास दाखवण्याचे कारण काय? चिथावणीखोरांसाठी कायदा आहेच.

अर्थात, परवानगी मिळाली म्हणजे सारे साधले, असेही नाही. वार्ताहर नेमायला पैसा लागतो. गाणी त्या मानाने स्वस्त पडतात. रणगाड्यांना न जुमानणारे 'बी-९२' नभोवाणी केंद्र २०१५ मध्ये 'प्ले रेडिओ' नावाची संगीतवाहिनी बनले. मिलोशेविच यांच्या हुकमाला जे साधले नाही, ते बाजाराने साधले. म्हणूनच बातम्यांची मुभा देताना लहान शहरांतील केंद्रांना त्या परवडतील कशा, याचाही विचार दिल्लीला करावा लागेल.